सकाळचं फास्टिंग, सव्वानऊचा बाजार आणि दुपारची ड्यूटी

मी लॅब टेक्निशियन आहे. नाशिकला मुंबई नाक्याजवळ एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुपारी २ ते रात्री साडेनऊ ड्यूटी, आणि सकाळी दुसऱ्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन सॅम्पल घ्यायचं काम, म्हणजे होम कलेक्शन. या दोन्हीच्या मधे जो वेळ उरतो त्यात मी इंट्राडे शिकतेय, म्हणजे शेअर त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकायचं ट्रेडिंग. ओळखीतले खूप जण विचारतात की दोन नोकऱ्या सांभाळून हे कसं काय करतेस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा जे जे वाचायला मिळालं ते सगळं दिवसभर चार स्क्रीन लावून बसणाऱ्यांचं होतं, ज्याला दोनच्या आत ड्यूटीवर पोचायचंय त्याच्यासाठी कुठे काहीच नव्हतं.

दुसरी नोकरी धरली ती फ्लॅटच्या हप्त्यासाठी. सिडकोत पवन नगरला वन बीएचके घेतला, नवरा सातपूर एमआयडीसीत शिफ्टला, दोघांच्या पगारात घर चालायचं पण हप्ता आणि पोरीची फी एका महिन्यात आली की ओढाताण व्हायची. होम कलेक्शनला एका व्हिजिटचे ७० रुपये मिळतात, पेट्रोल आपलं. पहिल्या दिवसापासून ठरलंय की हे पैसे आधी हप्त्याला जाणार, त्यातला एक रुपया ट्रेडिंगला नाही. ट्रेडिंगचे पैसे वेगळे, ते भिशीतून आले. हॉस्पिटलमधल्या बायकांची भिशी आहे, माझा नंबर लागला तेव्हा २५,००० मिळाले आणि नवऱ्याशी बोलून ते तसेच्या तसे ट्रेडिंग अकाउंटला टाकले. तो म्हणाला, "हे गेले तर?" मी म्हटलं, गेले तर शिकणं थांबवायचं, परत टाकायचे नाहीत. तो म्हणाला, "मग चालेल." एवढंच बोलणं झालं आमचं पण ते बोलणं आधी झालं हे फार बरं झालं, कारण नंतर घरात या विषयावरून कधी आवाज चढला नाही.

आता दिवस कसा जातो ते सांगते. पाच वाजता उठते, सव्वासहाला गाडी काढते. उंटवाडी, सिटी सेंटर मॉलचा सिग्नल, एबीबी सर्कल, मग महात्मा नगर आणि जेहान सर्कलपासून पुढे गंगापूर रोडचा पट्टा, हा माझा एरिया. डिसेंबर-जानेवारीत या वेळेला नाशिकची थंडी काय असते ते इथल्यांनाच माहीत, हात इतके गार पडतात की पेशंटच्या घरी गेल्यावर आधी दोन मिनिटं हात चोळून मग टर्निके बांधते, गार हाताला शीर नीट लागत नाही. फास्टिंगचे पेशंट सकाळीच करावे लागतात, म्हातारी माणसं रात्री आठला जेवून झोपलेली असतात, त्यांना नऊपर्यंत उपाशी ठेवणं बरोबर नाही. सगळी सॅम्पल आईसपॅकच्या बॉक्समधून साडेआठ-पावणेनऊपर्यंत लॅबला द्यायची. शुगरची ट्यूब राखाडी टोपणाची असते, तिच्यात फ्लोराइड असतं, कारण साध्या ट्यूबमधे रक्तातल्या पेशीच साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के शुगर कमी होत जाते. म्हणजे या कामात वेळ म्हणजे रिपोर्टच असतो, ट्रेडिंगसाठी इथे पाच मिनिटंसुद्धा मारता येत नाहीत.

खरी अडचण झाली ती पीपीची, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या शुगरची. फास्टिंग घेतलं की पेशंट नाश्ता किंवा जेवण करतो आणि त्यानंतर बरोबर दोन तासांनी परत सॅम्पल घ्यायचं असतं. साडेसातला खाल्लं तर साडेनऊला, आठला खाल्लं तर दहाला. आणि मार्केट उघडतं सव्वानऊला. नऊ ते सव्वानऊ प्री-ओपन असतं, त्यात पहिली सात-आठ मिनिटं ऑर्डर घेतात, मग भाव ठरतो, सव्वानऊला रेग्युलर ट्रेडिंग चालू, ते साडेतीनपर्यंत. इंट्राडेवाल्यांना सगळ्यात जास्त हालचाल मिळते ती पहिल्या तास-दीड तासात, आणि माझी पीपीची फेरी नेमकी त्याच वेळात.

सुरुवातीला दोन्ही एकत्र चालवून बघितलं. म्हणजे पार्किंगमधे गाडीवर बसून चार्ट बघायचा, ऑर्डर टाकायची, मग वर जाऊन सॅम्पल घ्यायचं. एक आजोबा आहेत गंगापूर रोडला, ओझरच्या विमानं बनवणाऱ्या एचएएलमधून रिटायर झालेले, त्यांची शीर फार नाजूक, सुई टेकवली की सरकते, बटरफ्लाय नीडलच लावावी लागते. त्या दिवशी त्यांचा हात धरला होता, शीर बोटाखाली लागली होती आणि खिशात फोन थरथरला, प्राइस अलर्ट. हात हलला नाही माझा पण मन हललं, अर्धा सेकंद का होईना मी हातापेक्षा खिशाकडे होते. आजोबा म्हणाले, "सावकाश गं पोरी, मला कुठे जायचंय." सॅम्पल व्यवस्थित मिळालं. खाली आले आणि तिथेच नियम केला की सुई हातात असताना पोझिशन ओपन नसणार, म्हणजे कुठला ट्रेड चालू नसणार, आणि फोन गाडीच्या डिकीत. तो नियम आजपर्यंत तसाच आहे.

मग लॅबच्या मॅडमशी बोलले. त्यांना स्पष्ट सांगितलं की मला सोमवार, बुधवार, शुक्रवार नऊनंतर मोकळं पाहिजे, त्या दिवशीच्या पीपी दुसऱ्या मुलाला द्या, मंगळवार-गुरुवारच्या सगळ्या पीपी मी घेते, त्याच्यासुद्धा. त्याचं कॉलेज होतं त्या दोन दिवशी, त्याला सोयीचंच पडलं. त्यामुळे माझ्या आठवड्यात ट्रेडचे तीनच दिवस राहिले. आधी वाटलं शिकायचे दोन दिवस जातात. नंतर सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी, म्हणजे ऑप्शन्सची मुदत संपायचा दिवस, मंगळवारी आली आणि सेन्सेक्सची गुरुवारी, म्हणजे दोन्ही एक्सपायरी माझ्या पीपीच्या दिवसांवर. एक्सपायरीला इंडेक्समधले शेअर दुपारी कसेही खेचले जातात, नवीन शिकणाऱ्यानं त्या दिवशी बाहेर असलेलं बरं असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे आता ते दोन दिवस मी मागतसुद्धा नाही.

शिकले कुठून हेही बरेच जण विचारतात. कॉलेज रोडला एक-दोन ठिकाणी चौकशी केली होती, फी ४० हजारांच्या पुढे, आणि एका ठिकाणी डेमोला बसले तर सर चालू मार्केटचा चार्ट लावून "आता बघा, हा वर जाणार" असं चाललेलं. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०२५ मधे सांगितलं होतं की जो फक्त शिकवतो, त्यानं मागच्या तीन महिन्यांच्या आतले भाव शिकवायला वापरायचे नाहीत. म्हणजे चालू भाव दाखवून कोणी सांगत असेल तर ते शिकवणं राहिलं नाही, सल्ला झाला, आणि सल्ला द्यायला सेबीचं रजिस्ट्रेशन लागतं. मी उठून आले. टेलिग्रामच्या टिप्सच्या ग्रुपमधे तर गेलेच नाही. ब्रोकरच्या साईटवर फुकट धडे असतात ते वाचले, एनआयएसएम या सेबीच्याच शिक्षण संस्थेची सेबी इन्व्हेस्टर सर्टिफिकेशनची फुकट परीक्षा आहे ती दिली, ती ट्रेडिंगची नाही, बेसिक गुंतवणुकीची आहे, पण डिमॅट म्हणजे काय, तक्रार कुठे करायची, टी प्लस वन सेटलमेंट, म्हणजे सौदा दुसऱ्या दिवशी पूर्ण होणं, काय असतं हे सगळं त्यात स्वच्छ कळलं.

पण मला चार्ट समजला तो माझ्या लॅबमुळे, आणि हे मला जरा नीट सांगायचंय.

लॅबमधे पेशंटची सॅम्पल लावायच्या आधी आम्ही मशीनवर कंट्रोल लावतो. कंट्रोल म्हणजे ज्याची व्हॅल्यू आधीच माहीत आहे असं सॅम्पल. त्याचं उत्तर रोज एका चार्टवर मांडायचं, मधे सरासरीची रेघ, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या रेघा. एसडी म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पडतात त्याचं माप. याला लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात, आम्ही एल-जे म्हणतो. ठिपका दोन एसडीच्या बाहेर गेला की सावध व्हायचं, तीनच्या बाहेर गेला की मशीन थांबवायचं, लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोनच्या बाहेर गेले तरी थांबायचं, हे वेस्टगार्डचे नियम. मी हे इतकी वर्षं करतेय की झोपेतसुद्धा करेन. आणि ज्या दिवशी पहिल्यांदा चार्टवर बोलिंजर बँड लावून बघितले, वीस कॅन्डलची, म्हणजे ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या पट्ट्यांची, सरासरी आणि वर-खाली दोन एसडी, तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले, म्हटलं हे तर मला येतं.

येतं असं वाटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत फरक कळला. लॅबमधे सरासरी पक्की असते, मशीन चुकलं तरच ठिपका बाहेर जातो, म्हणून बाहेर गेलेला ठिपका परत आत यायलाच पाहिजे अशी आमची नजर तयार झालेली असते. मार्केटमधे सरासरी स्वतःच सरकत असते. ट्रेंड लागला की भाव वरच्या बँडला चिकटून तासभर चढत राहतो, आणि माझ्या लॅबवाल्या नजरेला दर कॅन्डलला वाटतं की आता खाली येईल, आता विकावं. म्हणून मी बँड बघून उलटा ट्रेड घेत नाही. बँड आवळले की हालचाल येऊ शकते एवढंच त्याच्याकडून घेते, दिशा त्याच्याकडून घेत नाही. हे मला कुठल्या व्हिडिओत मिळालं नाही, दोन्ही चार्ट शेजारी ठेवूनच कळलं.

एल-जे चार्ट मी दुसऱ्या कामाला वापरला, स्वतःसाठी. लॅबच्या रजिस्टरसारखं एक रजिस्टर केलं, प्रत्येक ट्रेडला एक ओळ. वेळ, शेअर, का घेतला, तोट्यात निघायचा भाव म्हणजे स्टॉपलॉस कुठे, किती क्वांटिटी, निघाले कुठे, आणि आदल्या रात्री झोप किती. शेवटच्या कॉलमला नवरा म्हणाला, "झोपेचा काय संबंध?" पण तोच कॉलम सगळ्यात जास्त बोलला. निकाल मी रुपयात लिहीत नाही, रिस्कच्या पटीत लिहिते, म्हणजे ठरवलेला स्टॉपलॉस पूर्ण बसला तर उणे एक, दुप्पट मिळालं तर अधिक दोन. मग ते ठिपके कागदावर मांडते. आठवड्याचे बसले की रविवारी दुपारी बघते. त्यात सरळ दिसायला लागलं की सव्वानऊ ते साडेनऊमधे घेतलेले ट्रेड जवळजवळ सगळे रेघेच्या खाली आहेत, साडेनऊ ते साडेदहाचे वर-खाली मिसळून आहेत, अकरानंतरचे परत खाली. आणि पाच तासांपेक्षा कमी झोपेचे, वेळ कुठलीही असो, खाली. त्यानंतर वेळ आवळली, साडेनऊच्या आधी काही नाही, साडेदहानंतर नवीन ट्रेड नाही, साडेअकराला जे असेल ते बंद. आणि झोप झाली नसेल तर त्या दिवशी ॲप उघडायचंच नाही. हॉस्पिटलमधे कोणी सुट्टीवर गेलं की मला नाईट लागते, त्या आठवड्यात ट्रेडिंग पूर्ण बंद, होम कलेक्शनसुद्धा अर्धंच घेते, कारण नाईट करून सकाळी कोणाच्या शिरेत सुई घालणं मला पटत नाही.

सेटअप एकच ठेवलाय. साडेनऊपर्यंतच्या पहिल्या पंधरा मिनिटांचा हाय आणि लो मांडायचा, मग भाव त्याच्या बाहेर पाच मिनिटांच्या कॅन्डलनं बंद झाला, व्हॉल्यूम, म्हणजे शेअरची उलाढाल, वाढलेला असला आणि भाव व्हीवॅपच्या, म्हणजे त्या दिवसाच्या सौद्यांच्या सरासरी भावाच्या, बरोबर बाजूला असला तर घ्यायचा, नाहीतर नाही. बऱ्याच दिवशी काहीच मिळत नाही. शेअर फक्त निफ्टीतले घेते, सहा-सात ठरलेले, ज्यांच्यात फ्यूचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, आहेत. यालाही कारण आहे, छोट्या शेअरला सर्किट लागतं, म्हणजे भाव ठरलेल्या मर्यादेला पोचला की पुढे सरकत नाही, तुम्ही सकाळी शॉर्ट केला, म्हणजे जवळ नसताना आधी विकला, आणि त्याला वरचं सर्किट लागलं तर विकत घ्यायला शेअरच मिळत नाही आणि तो ऑक्शनला, म्हणजे एक्स्चेंजच्या लिलावाला, जातो, त्याचा भुर्दंड वेगळाच. फ्यूचर्स असलेल्या शेअरला असं ठरीव सर्किट नसतं. कंपनीच्या निकालाच्या दिवशी तो शेअर घेत नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या पॉलिसीच्या दिवशी दहा वाजता गव्हर्नर बोलतात तेव्हा बँकेच्या शेअरमधे हात नाही.

क्वांटिटीचं गणित जरा मांडून दाखवते कारण इथेच लोक घाई करतात. माझी एका ट्रेडची रिस्क २५० रुपये, म्हणजे भांडवलाचा एक टक्का. समजा शेअर ६०० चा आहे आणि स्टॉपलॉस ५ रुपये लांब आहे, तर २५० भागिले ५, पन्नास शेअर. किंमत झाली ३०,०००, मार्जिन, म्हणजे अकाउंटला ठेवावी लागणारी रक्कम, वीस टक्के, ६,००० लागतं. इंट्राडेला पाचपटच मिळतं आता, सप्टेंबर २०२१ पासून पीक मार्जिनचे नियम पूर्ण लागू झाले तेव्हापासून, आधी ब्रोकर कितीही पट द्यायचे असं जुने लोक सांगतात. आता खर्च. माझ्या ब्रोकरची ब्रोकरेज ०.०३ टक्के किंवा २० रुपये, जे कमी असेल ते. तर घ्यायचे ९, विकायचे ९, विक्रीवर एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, ०.०२५ टक्के म्हणजे साडेसात रुपये, वर स्टँप ड्यूटी, एक्स्चेंजचा चार्ज आणि १८ टक्के जीएसटी, सगळं मिळून ३२ च्या आसपास. म्हणजे पन्नास शेअरवर भाव ६४ पैसे माझ्या बाजूनं सरकला की मी शून्यावर. हेच एखाद्या ब्रोकरकडे दर ऑर्डरला फिक्स २० रुपये असतील तर तोच खर्च ५८ च्या घरात जातो. छोटी क्वांटिटी घेऊन शिकणाऱ्यानं अकाउंट उघडताना "जे कमी असेल ते" हे शब्द आहेत का ते आधी बघावं, बाकी ॲपचा रंग वगैरे नंतर.

खर्चावर मी इतकं का बोलते त्यालाही कारण आहे. सेबीनं जुलै २०२४ मधे कॅश मार्केटमधल्या, म्हणजे थेट शेअरचे सौदे करणाऱ्या, इंट्राडेवाल्यांचा अभ्यास काढला, २०२२-२३ सालचा. त्यात दहातले सात जण तोट्यात, नीट आकडा ७१ टक्के. तिशीच्या आतले बघितले तर ७६ टक्के. वर्षाला पाचशेपेक्षा जास्त ट्रेड करणाऱ्यांत ८० टक्के. आणि जे तोट्यात गेले त्यांनी त्या तोट्याच्या आणखी ५७ टक्के रक्कम नुसत्या ब्रोकरेज आणि चार्जेसमधे घातली. एफ अँड ओचं, म्हणजे फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचं, तर याहून वाईट, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हा रिपोर्ट मी प्रिंट काढून रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवलाय. हातात वेळ कमी असल्यामुळे माझे ट्रेड आपोआप कमी होतात, म्हणून दोन नोकऱ्यांमुळे ट्रेडिंगचं नुकसान होतं असं मला अजिबात वाटत नाही. उलट जो नोकरी सोडून बसतो त्याला रोज ट्रेड घ्यावाच लागतो, कारण महिन्याच्या शेवटी किराणा त्यातूनच यायचा असतो. माझा किराणा पगारातून येतो, हप्ता व्हिजिटमधून जातो, त्यामुळे सेटअप नसेल तर मी स्क्रीन बंद करून भाजी निवडायला बसू शकते.

ऑर्डरची एक बारीक गोष्ट, जिला दोनच्या आत निघायचंय तिच्यासाठी फार महत्त्वाची. घेतलं की लगेच स्टॉपलॉसची ऑर्डर सिस्टीममधे टाकायची, डोक्यात ठेवायची नाही. टार्गेटची ऑर्डर वेगळी टाकली असेल तर एक लागली की दुसरी हातानं कॅन्सल करायची, नाहीतर ती तशीच पडून राहते आणि दुपारी भाव तिथे गेला की नवीनच उलटी पोझिशन उघडते, आणि तुम्ही तेव्हा सीबीसीच्या रॅकसमोर उभ्या. ब्रोकर सव्वातीननंतर आपोआप बंद करतो पण त्याचा चार्ज घेतो आणि भाव मिळेल तो. मी साडेअकराला पोझिशन्स आणि ऑर्डर्स दोन्ही टॅब रिकामे आहेत हे बघते, रजिस्टरवर तशी टिक करते आणि मगच पोरीचा डबा भरायला उठते. तिची शाळा दुपारची आहे, बाराला व्हॅन येते.

हॉस्पिटलमधे आमच्यातला एकजण संध्याकाळी एमसीएक्सवर, म्हणजे कमॉडिटीच्या बाजारात, क्रूडचं म्हणजे कच्च्या तेलाचं ट्रेडिंग करतो. कमॉडिटी रात्री साडेअकरापर्यंत चालू असते, अमेरिकेत हिवाळ्याची वेळ लागली की पावणेबारा-बाराच्या सुमारापर्यंत, त्यामुळे दिवसा वेळ नसणाऱ्यांना ते सोयीचं वाटतं. मलाही म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी हेच बरं, सकाळची धावपळच नको." मी नाही म्हटलं. एक तर बुधवारी अमेरिकेच्या तेलसाठ्याचा आकडा आला की क्रूड एका मिनिटात कुठच्या कुठे जातं. आणि दुसरं म्हणजे त्या वेळेला मी ड्यूटीवर असते. पोटॅशियम साडेसहाच्या वर आलं की ताबडतोब आयसीयूला फोन करायचा असतो, तो आकडा वाचताना माझ्या डोक्यात दुसरा कुठलाही आकडा नको. लॅबमधे माझा फोन ड्रॉवरमधे असतो.

एक कागदी काम आहे ज्याच्याकडे नोकरदार माणसाचं लक्ष जात नाही. इंट्राडेचा नफा-तोटा हा सट्ट्याचा धंदा धरला जातो, कॅपिटल गेन नाही. त्यामुळे पगारदाराचा साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा पगारातून वजा होत नाही, फक्त अशाच सट्ट्याच्या नफ्यातून होतो आणि चार वर्षं पुढे नेता येतो, तोही रिटर्न वेळेत भरलं तरच. मी पहिल्या वर्षीच सीएकडे गेले, ब्रोकरकडून टॅक्सचा रिपोर्ट डाउनलोड होतो तो आणि व्हिजिटचे पैसे मिळाल्याचा हिशोब असं दोन्ही दिलं. फी गेली पण घरात नोटीस यायची धास्ती राहिली नाही.

आता पैशाचं. शेवटचा हिशोब केला तेव्हा सगळे खर्च धरून अकाउंटमधे २५,००० चे साधारण २३,४०० होते. मधे एकदा २१ हजाराच्या खाली गेलं होतं, तेव्हा क्वांटिटी निम्मी केली आणि रजिस्टरमधली रेघ परत शून्याच्या वर येईपर्यंत निम्मीच ठेवली. खर्च बाजूला काढले तर ट्रेडिंग स्वतः किंचित प्लसमधे आहे, म्हणजे जे गेलंय ते सगळं चार्जेसमधेच. कोणी विचारलं की यातून कमाई होते का, तर नाही, अजून होत नाही, आणि मी घरी कोणाला तसं सांगितलेलंही नाही. पण कुठला ट्रेड घ्यायचा नाही हे आता पुष्कळ कळतं आणि ते कळायला लागलेली किंमत माझ्या ऐपतीतली आहे.

एचएएलवाल्या आजोबांना मी हे सगळं सांगितलंय, दर महिन्याला जाते ना त्यांच्याकडे. ते ट्रेडिंग करत नाहीत. त्यांच्या कंपनीचा आयपीओ मार्च २०१८ मधे आला तेव्हा शेअर घेतले आणि ठेवले, बस. मला म्हणाले, "तू जे करतेस ते वाईट नाही, पण एखादा शेअर असा पण ठेव जो रोज बघावा लागत नाही." ते मला पटलं, पण त्याला ट्रेडिंगच्या पैशाला हात लावायचा नाही. हप्ता भरून व्हिजिटच्या पैशातून चुकूनमाकून काही उरतं तेव्हा निफ्टीच्या इंडेक्स फंडात ५०० रुपये टाकते. ते खातं पोरीच्या शिक्षणासाठी आहे आणि ते रजिस्टरमधे लिहीतही नाही.

पुढच्या महिन्यात हॉस्पिटलचा रोटा बदलतोय, मला सकाळची ड्यूटी लागायची शक्यता आहे, ८ ते ३. तसं झालं तर मार्केटची वेळ जवळजवळ पूर्ण ड्यूटीत जाते. होम कलेक्शन मग संध्याकाळचं मागेन, थायरॉइड, सीबीसी वगैरे ज्याला उपाशी राहायला लागत नाही ते संध्याकाळी चालतं, आणि सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या रस्ते जागोजागी खोदलेत म्हणून एरिया जरा घराजवळचा, इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडचा घेईन. ट्रेडिंग त्या काळात करणार नाही. रात्री जेवण झाल्यावर त्या दिवसाचा पाच मिनिटांचा चार्ट एक एक कॅन्डल पुढे सरकवत बघायचा, साडेनऊची रेघ मारायची आणि ट्रेड मिळाला असता का ते पेन्सिलनं लिहायचं, खरे ट्रेड पेननं असतात म्हणून. नवीन रजिस्टर आणून ठेवलंय, झोपेचा कॉलम त्यातही आहे.